गांजा-डॉक्टर

अंबाडी हे झाड कुणीही लावावं, कुठेही लावावं आणि विसरून जावं, अशा स्वभावाचं आहे. वऱ्हाडात तिला स्वतःचं शेतसुद्धा देत नाहीत. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या कडेला, धुऱ्यावर मूठभर बी फेकतात आणि आपापल्या कामाला लागतात. ती वाढते. कोवळी असेपर्यंत भाजी होते, मग फुलं येतात, मग दांडे कापून पाण्यात कुजत घालतात, वाख काढतात आणि त्या वाखाचे दोर पुढच्या पोळ्याला बैलांच्या गळ्यात पडतात. इतक्या गुणी, निरोगी झाडाला आजारी पाडायचं तर माणूस तसाच खास लागतो. तो सीवूड्सला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आमच्याच घरात राहतो.

मी जन्माने गिरगावकर, नोकरीने ऑडिटर आणि लग्नाने वऱ्हाडचा. शेतीचा पूर्वानुभव म्हणजे चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यातली तुळस, तीही आईची. मात्र दुसऱ्याच्या वहीत चूक सापडली नाही तर मला जेवण जात नाही, आणि हीच वृत्ती घेऊन मी झाडांकडे वळलो.

निमित्त सासूबाईंचं. त्या यवतमाळहून आमच्याकडे आल्या होत्या आणि मी मोठ्या हौसेनं नेरुळच्या बाजारातून अंबाडीची जुडी आणली होती. त्यांनी जुडी नाकाशी नेली, ‘नाल्याच्या पाण्यावरची व्हय,’ एवढंच म्हणाल्या आणि ती तशीच ओट्यावर राहिली. त्या संध्याकाळी मी जाहीर केलं, की यंदा महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची अंबाडी आपल्या गच्चीवरची असेल, आणि तिला रसायनाचा एक थेंबही लागलेला नसेल. बायको म्हणाली, ‘तुम्ही?’ एका शब्दात इतका मजकूर मी कुठल्याही ऑडिट रिपोर्टात वाचलेला नाही. जाताना सासूबाईंनी पिशवीतून रुमालाची एक गाठ काढली आणि राखाडी, तिकोनी बी माझ्या हातावर ठेवलं.

सेक्रेटरींची परवानगी तोंडी मिळाली. ‘तुळसबिळस असेल तर ठेवा, वॉटरप्रूफिंगला धक्का लागता कामा नये.’ निळे ड्रम अर्धे कापून आणले, माती-शेणखत भरलं, मृग लागला तसं बी पेरलं. आठवड्याच्या आत अंकुर, मग दोन-दोन गुबगुबीत, हृदयाच्या आकाराची पानं. मी रोज लोकलला जाण्याआधी गच्चीवर जाऊन यायचो. खाडीवरून वारा यायचा, खालून हार्बरची गाडी जायची, आणि आपण या नवी मुंबईत एकटेच शेतकरी आहोत असं वाटून ऊर भरून यायचा. (पलीकडे करावे गावात पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेली माणसं राहतात, सिडको येण्याआधी इथे भातखाचरं आणि मिठागरं होती, वगैरे गोष्टी अशा वेळी आठवत नाहीत.)

झाडं गुडघ्याइतकी झाली आणि अनर्थाला सुरुवात झाली. खालची पानं अखंड, पण वरून नवी येणारी चिरलेली. आधी तीन बोटं, मग पाच. बोटं लांबुळकी, कडेला करवतीसारखे दाते. एकाच झाडावर दोन प्रकारची पानं म्हणजे एका वहीत दोन अक्षरं. ऑडिटरला एवढा संशय पुरतो. मी तत्काळ निदान केलं: विकृती. एखादा विषाणू असणार. फोनमध्ये झाडं ओळखणारं ॲप होतं, त्यात शेंड्याच्या पानाचा फोटो घातला. चक्र फिरलं आणि उत्तर आलं: कॅनाबिस. खाली मराठीतही दिलं होतं, म्हणजे गैरसमजाला जागा नको. गांजा.

मी दोन्ही बाजूंच्या इमारतींकडे पाहिलं आणि हातातल्या छत्रीनं झाडं झाकली.

त्या रात्री घर झोपल्यावर मी १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा वाचायला घेतला. माणसाला स्वतःविरुद्धचं कलम शोधताना जी एकाग्रता लाभते, ती परीक्षेतही लाभत नाही. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांवर आलेले शेंडे. नुसती पानं आणि बी त्यात धरत नाहीत. हे वाचून मी सुटकेचा श्वास सोडला, पाणी प्यायलो आणि मग कलम २० पाहिलं. झाड लावणं हाच मुळात वेगळा गुन्हा: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. दर वर्षी पावसाळा सरत आला की पेपरात बातमी असतेच, तुरीच्या शेतात गांज्याची लागवड, इतका माल जप्त. ‘सीवूड्समध्ये ऑडिटरच्या गच्चीवर’ ही ओळ मला छापलेली दिसू लागली. खाली माझा पॅनकार्डावरचा फोटो.

सासूबाईंना विचारावं, हा सरळ मार्ग होता. पण जावयानं सासूला फोन करून काय सांगायचं, की तुमच्या बियांना गांजा आलाय? शिवाय बी त्यांच्याच रुमालातून आलं होतं. अंधारात पडल्या पडल्या मी या बाईंबद्दल आपल्याला मुळात काय माहिती आहे याचा आढावा घेतला आणि लग्नाआधी फारशी चौकशी केली नव्हती हे लक्षात आलं. बायकोचं बालपण सगळं ठाण्यात गेलेलं, तिचा अंबाडीशी परिचय ताटात वाढल्यापासून पुढचा. तिला गच्चीवर नेऊन सहआरोपी करण्यात अर्थ नव्हता.

कुणीही शहाणा माणूस म्हणेल, उपटून टाकायची होती झाडं. मीही तो विचार केला. पण उपटली तर पुरावा नष्ट केल्यासारखं, ठेवली तर लागवड केल्यासारखं. आणि खरं सांगायचं तर जीव जडला होता. त्यात आता पानांवर काहीतरी दिसायलाही लागलं होतं. खालची काही पिवळी पडत होती, दोन-तीन ठिकाणी तपकिरी ठिपके होते, एका पानाची कड आत वळली होती. गुन्हेगार असलं तरी आजारी. तुरुंगातसुद्धा डॉक्टर येतोच की.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. १८९३ साली इंग्रज सरकारनं भांग-गांज्याची चौकशी करायला एक कमिशन नेमलं होतं. त्या काळात बंगालमध्ये राजशाहीकडे, नौगावच्या परिसरात, सरकारी परवान्यानं गांजा पिकायचा. तिथे शेतात फिरून नर झाडं वेळेत ओळखायची आणि उपटून टाकायची, नाहीतर मादी झाडांत बी धरून माल वाया जातो, एवढ्या एका कामासाठी जाणकार माणूस बोलवत. त्याला चक्क ‘गांजा-डॉक्टर’ म्हणत. हे मी रात्री दोनला वाचलं आणि मला फार धीर आला. या पेशाला परंपरा होती.

मग मी रीतसर अभ्यासाला लागलो. परदेशात जिथे परवानगी आहे तिथे लोक या झाडाला उघड्यावर वाढवतात, आणि त्याला होत नाही असा रोग नाही. सेप्टोरियाचे पिवळे-तपकिरी ठिपके खालच्या पानांपासून वर चढतात. भुरी पानावर पीठ शिंपडल्यासारखी येते. दमट हवेत फुलोरा आतून कुजतो. ऑगस्टमधल्या सीवूड्सइतकी दमट हवा तर बेडकांनाही सोसत नाही. अन्नद्रव्यांचा तक्ता मला विशेष भावला, कारण तो ताळेबंदासारखा जुळतो: आधी जुनी खालची पानं सरसकट पिवळी झाली तर नत्र कमी, कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या तर लोह कमी, जुन्या पानांत शिरांमधला भाग फिकट तर मॅग्नेशियम, कडा करपल्या तर पालाश. मी गच्चीवर तक्ता घेऊन गेलो. माझ्या झाडांना चारही रोग होते. एका झाडाला तर एकाच पानावर तीन.

मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट लागतं. केमिस्टकडे मागितलं तर त्यानं आवाज खाली आणून विचारलं, ‘किती दिवसांपासून होत नाहीये?’ मी म्हणालो, खालच्या पानांना होत नाहीये. त्यानं पुढे काही विचारलं नाही.

ठिपक्यांसाठी मात्र जाणकार गाठायला हवा होता. सीवूड्समध्ये स्टेशनच्या डोक्यावर मॉल आहे, मॉलमध्ये परदेशी चीजचे चाळीस प्रकार मिळत असतील, पण बुरशीनाशक मिळत नाही. त्यासाठी पनवेलला जावं लागतं. तिथल्या एका कृषी सेवा केंद्रात मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे चिखलाचे बूट घातलेले दोन शेतकरी, मी इस्त्रीच्या शर्टात.

‘बोला साहेब. पीक कोणतं?’

हा प्रश्न येईल याचा मी विचारच केला नव्हता. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर पिकाचं नाव छापलेलं असतं, कोणत्या पिकाला किती मिली, हेही मला तेव्हाच कळलं.

‘भाजीवर्गीय,’ मी म्हणालो.

‘भेंडी, वांगी, टोमॅटो?’

‘पालेभाजी.’

‘मेथी? पालक? क्षेत्र किती?’

‘अडीच ड्रम.’

मागचे लोक हसले. दुकानदार सभ्य होता. म्हणाला, फोटो दाखवा. फोटो मी सुरक्षेच्या कारणास्तव कालच पुसून टाकला होता. ‘मग पान कसं असतं ते तरी सांगा.’ सांगता येईना, म्हणून त्याच्याच बिलबुकाच्या पाठीमागे मी पेननं काढून दाखवलं. लांब देठ, पाच बोटं, कडेला दाते. चित्रकला माझी शाळेपासून बरी. सुबक आलं.

त्यानं पान पाहिलं. मग मला पाहिलं. बिलबुक अलगद पालथं घातलं आणि आवाज न चढवता म्हणाला, ‘साहेब, असल्या पिकाचं औषध आम्ही ठेवत नाही.’

परतीच्या गाडीत मी मनाशी ठरवलं, की आता सेंद्रिय मार्ग.

दशपर्णी अर्क हा मराठी शेतकऱ्याचा आवडता काढा आहे. कडुनिंब, निर्गुडी, घाणेरी, करंज, एरंड, पपई, सीताफळ, रुई, कण्हेर, गुळवेल, धोत्रा, ज्या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत तो पाला. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण, शेण, गोमूत्र, आणि २०० लिटर पाण्यात महिनाभर कुजवायचं, रोज ढवळायचं. मी माप ड्रमाच्या हिशेबानं उतरवलं. करंज रस्त्याच्या कडेला मिळाला, घाणेरी बेलापूरच्या टेकडीकडे. रुईसाठी मी शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेरून माळ विकत घेतली आणि आत न जाता घरी घेऊन आलो. माळवाल्या बाईंनी मागून हाक मारली, ती अजून कानात आहे. धोत्रा कंपाउंडच्या मागे उगवलेला होता. तो कापताना वॉचमनने विचारलं, ‘महादेवाला का साहेब?’ मी हो म्हणालो. श्रावण होता, खपून गेलं. पण ‘तिसऱ्या मजल्यावरचे साहेब रात्री टॉर्च लावून धोत्रा तोडतात’ ही नोंद त्याच्या डोक्यात झाली असणार.

श्रावणाच्या मध्यावर अर्क तयार होऊ लागला. तयार होऊ लागला म्हणजे काय, ते ज्यांनी हुंगलं आहे त्यांनाच समजेल. लिफ्टचं दार उघडलं की तो आधी बाहेर यायचा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या दिवशी ‘गॅस लीक आहे का?’ आलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘ड्रेनेज चोकअप’ लिहिलं. मग सातव्या मजल्यावरच्या एका तरुण सभासदानं, ज्याला या विषयातली माहिती जरा जास्तच असावी, लिहिलं: ‘हा वास वेगळा आहे. जाणकारांना कळेल.’ त्याखाली पाच-सहा अंगठे. मी सहावा की सातवा अंगठा दिला. न देणं संशयास्पद दिसलं असतं.

दशपर्णी किड्यांना पळवते. बुरशीच्या ठिपक्यांना तिचा उपयोग बेताचाच. तेव्हा ठिपक्यांसाठी मी बोर्डो मिश्रण करायचं ठरवलं. ‘रसायनाचा एक थेंबही’ हे वाक्य मी विसरलो नव्हतो, पण मोरचूद आणि चुना हे काही औषधाच्या दुकानातलं रसायन नाही, अशी मी मनाची समजूत घातली. चुना तर आपण पानाला लावून खातो.

या मिश्रणाची कथा मोठी सुरस आहे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला द्राक्षबागांना केवडा रोगानं ग्रासलं होतं. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना १८८२ मध्ये फिरताना दिसलं, की रस्त्याकडेच्या वेलींची पानं तेवढी शाबूत आहेत. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून मालकानं त्या वेलींवर मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपडलं होतं. पानं विषारी दिसावीत आणि लोकांनी हात लावू नये, एवढाच उद्देश. त्यातून १८८५ मध्ये जगाला बुरशीनाशक मिळालं. लोकांना घाबरवायला केलेलं निळं पाणी होतं ते, हा भाग मी वाचला होता, पण त्याचा माझ्याशी संबंध लावला नव्हता.

एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. मी १० लिटरचं केलं. दोन प्लास्टिकच्या बादल्या घ्यायच्या, धातूच्या नाहीत. एकीत मोरचूद विरघळवायचं, ते रात्रभर फडक्यात टांगून ठेवलं तर सुंदर गर्द निळं उतरतं. दुसरीत चुना विरवून गाळायचा. मग दोन्ही मिळून तिसऱ्या बादलीत एकदम ओतायचं. आकाशाच्या रंगाचा, मऊ, तरंगता साका तयार होतो. त्यात चकचकीत लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. वर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं भाजतील, अजून चुना हवा. खिळा स्वच्छ निघाला तर मिश्रण उत्तम. माझा खिळा स्वच्छ निघाला. या सगळ्या प्रकरणात शास्त्रशुद्ध पार पडलेली ही एकमेव गोष्ट, म्हणून सविस्तर लिहिली.

फवारणीसाठी पावसाची उघडीप हवी होती. ती मिळाली १४ ऑगस्टला संध्याकाळी. उघडीप पाहून आणखी एका माणसाला आनंद झाला होता. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनासाठी पांढराशुभ्र लेंगा-झब्बा आणि टोपी गच्चीवरच्या दोरीला वाळत घातली होती. अंधारात मला ती दिसली नाही, आणि वारा खाडीकडून होता.

सकाळी सोसायटीच्या आवारात झेंडा चढला तेव्हा सेक्रेटरींच्या झब्ब्यावर डाव्या खांद्यापासून उजव्या खिशापर्यंत फिकट निळे ठिपके होते. लहान मुलांना वाटलं अशोकचक्राचं काहीतरी आहे. जन गण मन संपेपर्यंत ते सावधानमध्ये उभे राहिले. संपल्यावर त्यांनी मान वर करून गच्चीकडे पाहिलं, आणि मी शेजारी उभा असूनही पुढे पाहत राहिलो.

त्यानंतरच्या रविवारी मॅनेजिंग कमिटी गच्चीवर आली. सेक्रेटरी, खजिनदार, तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर आणि ग्रुपवरचा तो ‘जाणकार’ तरुण, ज्याला बहुधा तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. मला आधी निरोप होता. योगायोग असा, की त्याच सकाळी सासूबाई गणपती-महालक्ष्म्यांसाठी यवतमाळहून येऊन पोहोचल्या होत्या आणि चहा पिऊन म्हणाल्या होत्या, ‘अंबाडी त दाखवा.’ मी टाळाटाळ करत होतो. त्या जिन्यानं सावकाश चढत माझ्या मागून येतच होत्या.

कमिटी ड्रमांभोवती उभी राहिली. झाडं आता माझ्या छातीइतकी, वरच्या बाजूला पाच बोटांची पानं, सगळ्यांवर निळा थर. बाजूला झाकण लावलेला ड्रम, त्यातून बुडबुडे. खजिनदारांनी झाकण उचललं आणि लगेच ठेवलं.

‘तुम्हाला काही सांगायचं असेल तर इथेच सांगा,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘आत्ता आपण घरचेच आहोत.’

‘झाडं आजारी आहेत,’ मी म्हणालो.

तरुणानं एक पान जवळून पाहिलं आणि गंभीरपणे मान हलवली. मास्तर म्हणाले, ‘माझ्या हातून इतकी मुलं गेली, पण…’ आणि वाक्य सोडून दिलं. तेवढ्यात सासूबाई वर पोहोचल्या.

‘काय झालं जी? इतके जण काऊन उभे?’ असं म्हणत त्या गर्दीतून पुढे आल्या, शेंड्याचं एक पान खुडलं, पदराला पुसलं आणि तोंडात टाकलं.

मी ओरडलो, ‘खाऊ नका! विषारी आहे!’

माझ्या डोक्यात मोरचूद होतं. कमिटीनं त्याचा काय अर्थ घेतला असेल ते खजिनदारांच्या खिशातून बाहेर आलेल्या फोनवरून समजलं. सासूबाईंनी पान चावलं, थुंकलं, पदरानं तोंड पुसलं.

‘आंबट त आहे. अंबाडीच व्हय.’ मग पानाकडे, मग माझ्याकडे पाहत: ‘पण जावईबापू, तुम्ही तिले निळं काऊन केलं?’

पुढची काही मिनिटं गच्चीवर शाळा भरली. सासूबाईंनी सेक्रेटरींचं बोट धरून देठावरून फिरवलं, बारीक काटे टोचले तसे ते हुं म्हणाले. गांज्याला काटे कुठले? पान दाखवलं: हे एकच पान आहे, नुसतं खोल चिरलेलं. गांज्याच्या पानाच्या पाकळ्या देठाच्या टोकाशी सुट्या-सुट्या असतात, हे तरुणानं आपणहून सांगितलं आणि सगळ्यांनी आता त्याच्याकडे पाहिलं. अंबाडीची खालची पानं अखंड आणि वरची चिरलेली असायचीच. महिनाभर मी ज्या विकृतीवर उपचार करत होतो ती तिची उपजत ठेवण होती. घराणंही वेगळं: ही भेंडी, कपाशी, जास्वंदीची चुलत बहीण, भांगेशी हिचं सोयरसुतक नाही. फूलसुद्धा भेंडीसारखंच येतं, फिकट पिवळं, आत गर्द लाल. पानांचं साम्य तेवढं खरं. १७५९ मध्ये लिनियसनं हिचं शास्त्रीय नाव ठेवलं तेही ‘हिबिस्कस कॅनाबिनस’, आणि इंग्रज तर हिला ‘बॉम्बे हेम्प’ म्हणत. म्हणजे पान पाहून ज्यांना भांग आठवली त्यांच्या यादीत लिनियस आहे, इंग्रज आहेत आणि मी आहे. हे मी कमिटीला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

‘बरं, मग हे काय?’ मी पिवळ्या पानाकडे बोट दाखवलं. निदान आजार तरी माझा खरा निघावा.

सासूबाईंनी ते पान देठाशी धरून उलटं केलं. मागच्या बाजूनं तांदळाच्या कण्यांहून बारीक, पांढऱ्या माश्यांचा भुरका उडाला आणि सेक्रेटरींच्या चष्म्यावर बसला. इतके दिवस मी प्रत्येक पानाचा वरून फोटो घेतला होता, वरून फवारलं होतं, वरून तक्त्याशी ताडून पाहिलं होतं. पांढरी माशी पानाच्या खाली राहते. तिच्यामुळे शिरा पिवळ्याधमक पडणारा हळद्या येतो, भेंडीवर येतो तसलाच. तो विषाणू. त्याला बोर्डो चालत नाही, एप्सम सॉल्ट चालत नाही, औषधच नाही. आलेली झाडं उपटायची, आणि माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावायचे, तेही आधी. म्हणजे सुरुवातीला मी विषाणू म्हणालो होतो ते बरोबरच होतं. फक्त तेव्हा तो आलेला नव्हता. आणि खालची पिवळी पानं? ‘म्हातारी होऊन गळतात. माणसं नाही होत?’ कडा करपल्या होत्या त्या मात्र भर दुपारी मारलेल्या निंबोळी तेलानं. ती माझी कमाई.

झाडं मी कमिटीसमक्ष उपटली. सासूबाई म्हणाल्या, दांडे फेकू नका, त्या ड्रमात कुजत घाला, वाख निघंल. वास येईल का, असं खजिनदारांनी विचारलं. ‘येईन थोडा,’ त्या म्हणाल्या. कमिटीनं तिथल्या तिथे, उभ्याउभ्या, एकमतानं ठराव केला. तो आता नोटीस बोर्डावर आहे: सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गच्चीवर कोणताही पाला भिजविण्यास, कुजविण्यास अथवा निळा करण्यास मनाई आहे.

महालक्ष्म्यांना अंबाडीची भाजी झाली. नेरुळच्या बाजारातली जुडी होती, नाल्याच्या पाण्यावरची. सासूबाईंनी ती तीन पाण्यांतून धुतली, ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवली, घोटली, वरून लसणाची चरचरीत फोडणी. सेक्रेटरींच्या घरी डबा पाठवला. त्यांची आई लातूरकडची निघाली. डबा धुऊन परत आला, वर त्यांच्याकडची आंबील.

झब्ब्याचं मी भरून देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही. ठिपके लिंबानं गेले म्हणे.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी, हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं जास्वंदीचं पान. बाल्कनीतली जास्वंद आकसायला लागलीय, पानं गोळा होतायत, म्हटलं तुमचा या विषयातला अभ्यास आहे. बायकोनं दार अर्धवटच उघडलं होतं. ‘ते घरात नाहीत,’ ती म्हणाली, आणि मी आतल्या खोलीतून, एका हातानं चष्मा शोधत, ओरडून सांगितलं:

‘आधी उलटं करून बघा!’